बटण दाबण्याआधी

मुंबईतल्या माधुरी माथुर यांच्या घरचा परदेशी बनावटीचा मिक्सर वाटण करता करता जळाला. फळांचा रस आणि केकचं मिश्रण यांसाठी बनवलेल्या त्या यंत्राला ओलं खोबरं, भिजवलेली डाळ आणि कडक मसाले झेपले नाहीत. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर अभियंता होते. भारतीय वाटणाला पुरून उरेल अशी मोटर बसवलेला मिक्सर त्यांनी स्वतःच तयार केला आणि १९६३ साली ‘सुमीत’ हे नाव बाजारात आलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शहरांतल्या ओट्यांवरून पाटा-वरवंटा खाली उतरला, तो बहुतेक घरांत पुन्हा वर चढलाच नाही.

या गोष्टीत आजच्या ग्राहकाच्या कामाची एक खूण आहे. माथुरांनी यंत्राला पदार्थाच्या कसोटीवर घासून पाहिलं. आज एअर फ्रायर, इंडक्शन, इलेक्ट्रिक प्रेशर कुकर, घरपोच जेवणाची ॲप, पाककृती सुचवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असं सगळं एकदम दारात येऊन उभं राहिलं आहे. त्यातलं काय घ्यावं आणि घेतलेलं कसं वापरावं, हे ठरवायला तोच मार्ग उपयोगी पडतो. आपल्या घरात आठवड्याला काय शिजतं आणि हे यंत्र त्या पदार्थाचं नेमकं काय करतं, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की जाहिरातींतला बराचसा गोंधळ आपोआप बाजूला होतो.

कुकर: शिट्ट्या नव्हे, मिनिटं मोजा

वाफेच्या दाबावर अन्न शिजवण्याची कल्पना जुनी. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली तसं भांडं बनवलं होतं. भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही नावांचे कुकर १९५९च्या सुमारास बाजारात आले आणि वरण-भाताचं वेळापत्रकच बदललं. उघड्या पातेल्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. कुकरच्या पूर्ण दाबाखाली ते साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. हे वरचे वीस अंश तूरडाळीचा तासाभराचा वेळ काही मिनिटांवर आणतात. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या गावात पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागतं, त्यामुळे तिथे उघड्यावर डाळ शिजवणं जास्त वेळखाऊ, आणि कुकरचा फायदाही तितकाच जास्त.

आपल्याकडे कुकरचं माप शिट्ट्यांत सांगतात. ते सोयीचं असलं तरी कच्चं आहे. शिट्टी किती वेळाने होणार हे ज्योत, कुकरचा आकार आणि आतलं पाणी यांवर ठरतं. एकाच्या तीन शिट्ट्या दुसऱ्याच्या पाच होऊ शकतात. खात्रीची पद्धत अशी: मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्यावी, मग आच अगदी मंद करावी आणि तिथून मिनिटं मोजावीत. पूर्ण दाब आल्यावर मोठी आच ठेवून आतलं तापमान वाढत नाही. जास्तीची वाफ शिट्टीवाटे निघून जाते आणि गॅस वाया जातो. भिजवलेल्या तूरडाळीला किती मिनिटं लागतात, तांदळाला किती, छोले-वाटाण्याला किती, हे आपल्या कुकरवर दोन-तीनदा पाहून लिहून ठेवलं की घरातलं कुणीही तो लावू शकतं.

सुरक्षिततेच्या गोष्टी चारच आहेत, पण त्या रोजच्या रोज पाळायच्या आहेत. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून ते थेट कुकरमध्ये शिजवताना निम्म्यावरच थांबावं. झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून मोकळी आहे ना, हे पाहावं. रबरी रिंग कडक झाली की बदलावी. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा नवा बसवावा, त्या जागी दुसरं काही ठोकून काम भागवू नये.

परदेशातल्या मराठी घरांत आज इलेक्ट्रिक प्रेशर कुकर चांगलाच रुळला आहे. कॅनडात २०१०च्या सुमारास तयार झालेला ‘इन्स्टंट पॉट’ त्यातला सर्वांत गाजलेला. त्याला शिट्टी नाही, म्हणून आईने फोनवर सांगितलेल्या ‘चार शिट्ट्या’ तिथे कामाच्या नाहीत. त्यातला दाबही सहसा चुलीवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे कडधान्यांना काही मिनिटं जास्त द्यावी लागतात. न्यू जर्सीच्या किंवा टोरंटोच्या थंडीत त्याचा खरा उपयोग दह्याला होतो. विरजण लागायला ४० ते ४५ अंशांची स्थिर ऊब हवी असते, ती हे भांडं रात्रभर देतं.

राजम्याबद्दल मात्र एक इशारा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते नष्ट व्हायला खळखळतं पाणी किंवा कुकरचा दाब लागतो. मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या ‘स्लो कुकर’मध्ये तापमान तेवढं चढेलच असं नाही, आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. रात्रभर भिजवावा, ते पाणी फेकून द्यावं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा किंवा सरळ कुकरला लावावा. मग पुढचं काम कोणत्याही भांड्यात करावं.

गॅस की इंडक्शन: हिशेब वीजबिलातून

इंडक्शन शेगडी स्वतः तापत नाही. ती चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि भांड्याचा तळच तापतो. म्हणून तळाला चुंबक चिकटलं तरच भांडं चालतं. खरेदीला जाताना फ्रिजवरचं एखादं चुंबक पिशवीत टाकून न्यावं. साधा ॲल्युमिनियमचा कुकर, तांब्या-पितळेची पातेली आणि गोल बुडाची कढई यावर चालणार नाहीत; सपाट, ‘इंडक्शन बेस’ असलेली भांडी लागतील. हा खर्च शेगडीच्या किमतीत धरूनच विचार करावा.

स्वस्त काय पडतं, याचं उत्तर प्रत्येक घराचं वेगळं आहे, पण ते काढणं अवघड नाही. एक किलो एलपीजीत सुमारे १२.७ युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट. भारतीय मानकानुसार गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता प्रयोगशाळेत किमान ६८ टक्के असावी लागते. घरात ज्योत भांड्याबाहेर गेली की ती आणखी घटते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरली, तर एका सिलिंडरइतकं काम करायला साधारण १२५ ते १४५ युनिट वीज लागेल. आता वीजबिल हातात घ्यावं. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वाढत जातात. इंडक्शनची वीज आधीच्या वापरावर चढते, म्हणून आपण ज्या सर्वांत वरच्या टप्प्यात पोहोचतो तिथला दर धरावा आणि त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क हेही मिळवावं. सगळं मिळून युनिटला ८ रुपये पडत असतील, तर सिलिंडरभर स्वयंपाकाचे १,००० ते १,१६० रुपये. १२ रुपये पडत असतील, तर १,५०० ते १,७४०. हा आकडा सिलिंडरच्या किमतीशेजारी मांडला की निर्णय समोर दिसतो. छतावर सौर पॅनेल असलेल्या घराचं गणित अर्थातच निराळं, आणि इंडक्शनला बरंच अनुकूल.

पैशांखेरीज हवेचाही विचार करावा. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, इंडक्शनमधून पडत नाही. फोडणीचा धूर मात्र दोन्हीकडे सारखाच, म्हणून एक्झॉस्ट पंखा किंवा उघडी खिडकी कुठल्याही शेगडीला हवीच. दोन हजार वॉटची शेगडी जवळपास ९ अँपिअर वीज खेचते. ती १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावी, एक्स्टेन्शन बोर्डाला कधीच नाही. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू शेगडीपासून दोन फूट अंतर राखावं आणि आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं.

भाकरी आणि भरीत खाणाऱ्या घराने गॅसचा निदान एक बर्नर ठेवलेला बरा. तव्यावरून काढलेली भाकरी आचेवर फुगवणं आणि वांग्याची साल करपवून त्याला धुरकट चव आणणं, ही कामं ज्योतीचीच. दूध, चहा, वरण-भात, उकडणं, परतणं इंडक्शनवर आणि भाजणं गॅसवर, ही वाटणी चांगली चालते.

सूर्यावरचा स्वयंपाक किती मोठ्या प्रमाणावर होऊ शकतो, हे शिर्डीच्या साई संस्थानाने दाखवून दिलं. २००९ साली तिथल्या प्रसादालयावर ७३ परावर्तक तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांतून तयार होणाऱ्या वाफेवर दिवसाला ५० हजार लोकांचं जेवण शिजवता येईल, अशी ती योजना होती. घरच्या पेटीसारख्या सौर कुकरची गती तेवढी नाही; त्याला दोन-तीन तास द्यावे लागतात. सकाळी गच्चीवर ठेवून दुपारच्या जेवणाला उघडला, तर वरण, भात, उकडलेली कडधान्यं विनाइंधन मिळतात. मराठवाडा-विदर्भातलं ऊन तर मुळीच वाया घालवू नये असं आहे.

थंड करण्याचं शास्त्र आणि फोडणीचा भात

गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ साली. तरीही फ्रिजच्या आत तापमान किती असावं, हे बहुतेक घरांत कुणी पाहिलेलं नसतं. खालच्या कप्प्यांत ४ ते ५ अंश, फ्रीझरमध्ये उणे १८. आतल्या गोल बटणावरचे १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत, ती थंड करण्याची तीव्रता आहे. आकडा जितका मोठा तितकं आत थंड. एक साधा थर्मामीटर रात्रभर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात ठेवला की सकाळी खरी परिस्थिती कळते.

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात जितका कमी वेळ राहील तितकं बरं. दोन तासांच्या आत, आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यात तासाभरातच, उरलेलं अन्न फ्रिजमध्ये जायला हवं. पातेलंभर आमटी तशीच ठेवली तर तिचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. ती दोन-तीन उथळ डब्यांत वाटून ठेवावी.

भाताकडे विशेष लक्ष द्यायला हवं. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. यातलं एक विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणजे सकाळी खमंग फोडणी दिली तरी ते जात नाही. फोडणीचा भात सोडायची मुळीच गरज नाही. रात्री उरलेला भात परातीत पसरून निववावा, लगेच झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला वाफवून संपवावा. थंड, मोकळ्या शितांचा फोडणीचा भात चवीलाही सरस होतो.

फ्रीझरचा उपयोग आपल्याकडे बर्फापुरता होतो आणि इथे बराच वेळ वाचवता येतो. नारळाचा चव, सोललेले मटार, पुरण, आलं-लसणाचं वाटण, उकडलेली कडधान्यं लहान वाट्यांच्या मापाने गोठवावीत. डब्यावर पदार्थाचं नाव आणि तारीख लिहावी. गोठलेलं काढताना आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. ओट्यावर ठेवलं तर बाहेरचा भाग आधी कोमट होतो आणि आतला दगडच राहतो.

मायक्रोवेव्ह: ढवळा, थांबा, मग वाढा

पर्सी स्पेन्सर हे अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतले अभियंता. १९४५च्या सुमारास रडारच्या उपकरणाजवळ काम करताना खिशातलं चॉकलेट वितळल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून मायक्रोवेव्हचा जन्म झाला. हे तरंग अन्नात काही सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढचा भाग आतल्या आत पसरणाऱ्या उष्णतेने तापतो. म्हणूनच डब्याच्या कडेला चटका बसेल अशी भाजी आणि मध्ये गारेगार, असा अनुभव येतो. उपाय तीन पायऱ्यांचा: पदार्थ पसरट भांड्यात झाकून ठेवावा, अर्ध्या वेळेला थांबवून ढवळावा आणि शेवटी दोन मिनिटं तसाच राहू द्यावा. शिळं अन्न मधोमध ७५ अंशांच्या आसपास तापलेलं हवं, म्हणजे चांगली वाफ यायला हवी.

पाककृतीत ‘पाच मिनिटं’ लिहिलं असेल तर किती वॉटवर, हे पाहावं. ८०० वॉटची पाच मिनिटं ७०० वॉटच्या यंत्रात पावणेसहा होतात. रवा, पोहे, शेंगदाणे भाजणं, मोदकांची उकड काढणं, पापड भाजणं ही कामं मायक्रोवेव्ह झकास करतो. रवा आणि शेंगदाणे मिनिटामिनिटाला हलवावे लागतात, एवढंच. पालेभाजी अगदी थोड्या पाण्यात वाफवली तर भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा त्यातलं क जीवनसत्त्वही जास्त टिकतं. ज्या प्लास्टिकच्या डब्यावर मायक्रोवेव्हला चालत असल्याची खूण नाही, त्यात अन्न तापवू नये. हॉटेलातून आलेले पातळ डबे बहुधा याच वर्गातले असतात. सालीसकट अंडं तर कधीच ठेवू नये, ते फुटतं.

एअर फ्रायर आणि नॉनस्टिक

फिलिप्सने २०१० साली एअर फ्रायर बाजारात आणला. नावात तळणं असलं तरी हा जोरदार पंखा असलेला छोटा ओव्हन आहे. गरम हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते आणि पृष्ठभाग कोरडा, कुरकुरीत करते. हे कळलं की त्यात काय जमेल याचा अंदाज येतो. आधी वाफवलेली अळूवडी, कोथिंबीर वडी, तेलाचं बोट फिरवलेला साबुदाणा वडा, बटाट्याच्या काचऱ्या, मसाला शेंगदाणे छान होतात. कांदाभजी आणि बटाटेवडा होत नाहीत, कारण पातळ पीठ घट्ट व्हायला कडकडीत तेलच लागतं; हवेत ते जाळीतून खाली गळतं.

घ्यायचा की नाही, हे तेलाच्या हिशेबाने ठरवावं. आठवड्यातून तीनदा तळण होणाऱ्या घरात त्याचा फायदा मोठा आहे. सणासुदीलाच कढई चढवणाऱ्या घरात तो फारसा नाही, आणि यंत्र आलं म्हणून रोज पाकिटातले गोठवलेले फ्राइज खाल्ले जाऊ लागले, तर पोटात जाणारं तेल आणि मीठ उलट वाढेल. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ साली स्वीडिश संशोधकांनी दाखवलं. तळा, भाजा किंवा एअर फ्रायरमध्ये घाला, रंग सोनेरी होताच थांबावं; काळपट तपकिरी होऊ देऊ नये.

नॉनस्टिकच्या लेपाचं द्रव्य रॉय प्लंकेट यांना १९३८ साली योगायोगाने सापडलं. साधारण २६० अंशांच्या वर ते खराब होऊ लागतं, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांतच तिथवर पोहोचतो. घावन, आंबोळी, धिरडी मध्यम आचेवर नॉनस्टिकवर खुशाल करावीत. कडकडीत फोडणी, भाकरी आणि भाजणं यांना लोखंड किंवा स्टील. लेप सोलवटू लागला की तवा बदलावा. लोखंडी कढईत कोकम, चिंच घातलेली आमटी मुरत ठेवू नये, ती काळी पडते आणि चव बिघडते. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी. पितळेच्या भांड्यांना कल्हई आहे ना, हेही बघावं.

जात्यापासून घरघंटीपर्यंत

गिरणीतून आठवड्याचं दळण आणणारी बरीच कुटुंबं आता घरघंटी घेतात. ज्वारी-बाजरीच्या घरांना ती खरोखर उपयोगी आहे. बाजरीत स्निग्धांश बराच असतो. दळल्यावर त्यातली विकरं स्निग्धांशावर काम करू लागतात आणि पीठ काही दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. एकेक किलो दळता आलं तर दोन्ही अडचणी सुटतात. फक्त गव्हाच्या पोळ्या होणाऱ्या, जवळ चांगली गिरणी असणाऱ्या दोन माणसांच्या घरात मात्र घरघंटीने जागा अडते, आवाज होतो आणि जाळ्या-पिशवी साफ करायचं काम वाढतं. डाळी आणि धान्य दळण्याच्या जाळ्या वेगळ्या असतात. ओलसर धान्य तर अजिबात घालू नये.

पडद्यावरची पाककृती

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं नेमकं माप मराठी स्वयंपाकाला दिलं. नव्याने संसार मांडणाऱ्या कित्येक मुलींना ते पुस्तक माहेरून मिळे. आज ती जागा व्हिडिओने घेतली आहे. मधुरा बाचल यांच्या पाककृती परदेशातल्या मराठी घरांतही पाहिल्या जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनेल २०२० साली लोकांपुढे आणलं. गावाकडचा मसाला आणि हाताची लकब आता कॅमेऱ्यात टिकून राहते, ही या तंत्रज्ञानाची मोठीच कमाई.

व्हिडिओ पाहताना कणीक कितपत सैल, पाक किती तारी, कांदा कोणत्या रंगावर, हे डोळ्यांनी टिपावं. पुस्तकात सापडत नाही ते हेच. प्रमाणासाठी मात्र वजनकाटा घ्यावा. घरोघरच्या वाट्या दीडशे मिलिलिटरच्याही असतात आणि दोनशेच्याही. चिरोटे, अनारसे, केक यांत हा फरक पदार्थ बिघडवतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेला ‘घरात दुधी, मूगडाळ आणि अर्धा नारळ आहे, रात्री काय करू?’ असं विचारायला हरकत नाही. आठवड्याचा बेत, बाजाराची यादी, चार माणसांचं प्रमाण चाळीसांसाठी वाढवणं, ही कामं ती पटकन करते. जिथे चूक अंगाशी येऊ शकते तिथे तिच्यावर विसंबू नये: तान्ह्या बाळाचं अन्न, ॲलर्जी, औषधांबरोबरची पथ्यं, तेलात किंवा बरणीत महिनोन्‌महिने टिकवायचे पदार्थ. वर्षाआतल्या बाळाला मध देऊ नये, कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नये, अशा गोष्टी डॉक्टर, आहारतज्ज्ञ किंवा जाणत्या माणसाकडूनच पक्क्या कराव्यात.

घरपोच ताट

मुंबईत १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवायला सुरुवात केली, तेव्हा घरचं जेवण कचेरीत जात होतं. झोमॅटोने २००८ साली वेगळ्या नावाने आणि स्विगीने २०१४ साली सुरुवात केली आणि बाहेरचं जेवण घरात येऊ लागलं. मधल्या काळात ‘क्लाउड किचन’ उभी राहिली: बसायला टेबल नाही, फक्त स्वयंपाकघर. पुण्यात ‘फासोज’ म्हणून सुरू झालेली रेबेल फूड्स ही या क्षेत्रातली मोठी कंपनी. अशा व्यवसायात रोल, बिर्याणी आणि पिझ्झा वेगवेगळ्या नावांनी दिसले तरी ते एकाच ओट्यावर तयार होत असू शकतात. यात गैर काही नाही. पण केवळ शाकाहारी स्वयंपाकघर हवं असेल किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर पत्ता तपासणं आणि फोन करून विचारणं गरजेचं.

मागवताना तीन गोष्टी बघाव्यात. एक, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक. दोन, अंतर; लांबून येणारा तळलेला पदार्थ बंद डब्याच्या वाफेत मऊ पडतो, त्यापेक्षा थाळी, बिर्याणी किंवा रस्सा बरा. तीन, उष्मांक. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांना १ जुलै २०२२पासून ते दाखवावे लागतात. अन्न खराब निघालं तर पाकिटाचा आणि पावतीचा फोटो काढून एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

दहा मिनिटांत किराणा आणणाऱ्या ॲपवरून घेतलेल्या वस्तूंची तारीख दारातच पाहावी. मुदतीचा किमान ३० टक्के काळ किंवा मुदत संपायला ४५ दिवस उरलेलं अन्न द्यावं, असं प्राधिकरणाने २०२४च्या नोव्हेंबरात ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं आहे. पाकिटाच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर किंवा तेल पहिल्या तिनांत असेल तर पुढची मोठी अक्षरं कितीही पौष्टिक असोत, पदार्थ काय आहे ते कळतं. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. ८०० मिलिग्रॅम सोडियमचं एक पाकीट म्हणजे त्यातले २ ग्रॅम एका फटक्यात संपले.

यंत्र कुणाच्या हातात?

२०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यावर घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ९७, असं दिसलं. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात एक गोष्ट पुराव्यांसह मांडली होती: घरात यंत्रं आली, पण बाईचे कामाचे तास फारसे घटले नाहीत, कारण अपेक्षा वाढल्या आणि मदतीचे हात कमी झाले. मिक्सर आला म्हणून रोज ताजी चटणी, फ्रिज आला म्हणून पाहुण्यांना चार पदार्थ, हे आपल्याकडेही घडलं आहे. नवं उपकरण आणताना या बाजूकडे मुद्दाम लक्ष द्यायला हवं, कारण बटणाच्या यंत्राला पिढीजात हातोटी लागत नाही. ते घरातला कुणीही शिकू शकतो.

म्हणून खरेदीआधी एक आठवडा घरात काय शिजलं, किती वेळ लागला आणि कुणी शिजवलं, हे कागदावर टिपावं. ज्या कामात सर्वांत जास्त वेळ गेला त्याच कामाचं यंत्र घ्यावं, आणि शक्य असेल तर आधी नातेवाइकांकडे त्यावर आपलाच पदार्थ करून पाहावा. उपकरण घरी आलं की माहितीपुस्तिका घरातल्या दोघांनी तरी वाचावी. कुकरची मिनिटं, मायक्रोवेव्हचे वॉट, फ्रिजचं तापमान आणि इंडक्शनवर चालणारी भांडी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ओट्याजवळ लावावीत. पहिल्या आठवड्यात घरातल्या पुरुषाने आणि कळत्या मुला-मुलींनी त्यावरून वरण-भात करावा, दुसऱ्या आठवड्यात उसळ, तिसऱ्यात भाजी आणि कोशिंबीर. महिनाअखेरीस आठवड्यातले दोन दिवस ठरवून त्यांच्याकडे द्यावेत. त्या दिवसांची भाजी निवडण्यापासून ओटा पुसण्यापर्यंतचं सगळं काम त्यांचंच असावं.